मांडणीवर राहिलेला पाय

कृत्रिम हातपाय बसवणाऱ्या त्या केंद्रात तिला कागदावरच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती चौकोनताई. नाव ठेवलं होतं इमारतीच्या मागच्या बाजूला हातपाय घडवायच्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी. एकदा ते प्लास्टरने माखलेले हात वर धरून पुढच्या खोलीत डोकावले, तर ही बाई स्क्रीनवर रंगीत चौकोन मांडून ते एकमेकांना रेघांनी जोडत बसलेली. मिस्त्री म्हणाले, आम्ही मागे घाम गाळून माणसं उभी करतोय आणि आमच्या ताई पुढे बसून चौकोन चौकोन खेळतायत. दुपारच्या चहापर्यंत नाव इमारतभर झालं. तिला राग आला नाही. उलट, आपल्या कामाला काही का होईना नाव मिळालं, याचं तिला बरंच वाटलं.

कारण या चौकोनांआधी ती इथे जे काम करायची त्याला नाव असं नव्हतंच. ती मूळची एका छापखान्यात मुद्रितं तपासणारी. छापखाना बंद पडला तेव्हा ओळखीतून या केंद्राच्या पुढच्या टेबलावर आली. पाय तयार झाला की पेशंटला फोन करायचा, तारीख ठरवायची, लांबून येणाऱ्यासाठी गाडी सांगायची, त्या दिवशी फिजिओ मोकळा आहे का ते पाहायचं. एक फोन कानाला, दुसरा टेबलावर वाजतोय, पेन्सिल केसांत खोचलेली आणि तीच शोधत असल्यासारखी नजर, असे तिचे दिवस जायचे. संध्याकाळी घरी गेल्यावरही कानात घंटी वाजत राहायची.

मग ज्या मोठ्या हॉस्पिटलचं हे केंद्र होतं, त्यांनी एक नवा प्रोग्राम घेतला. त्यात कोड लिहावा लागत नव्हता. 'असं झालं की तसं कर' हे चौकोनांत मांडायचं, चौकोन जोडायचे, बाकीचं यंत्र पाहून घेतं. शिकवायला माणूस आला तेव्हा बाकीचे चहाबिस्किटांवर नजर ठेवून बसले होते. ताई मात्र पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारत होती. पुढच्या काही आठवड्यांत तिने आपलं सगळं टेबलच स्क्रीनवर उभं केलं. मिस्त्रींनी कारखान्याच्या दाराशी टांगलेल्या टॅबलेटवर 'तयार' म्हणून बोट टेकवलं की यंत्र पेशंटची माहिती उघडायचं, फोन नंबर उचलायचं, निरोप पाठवायचं, तारीख विचारायचं, गाडी सांगायचं. फोनची घंटी थांबली. ताई पेशंटशी बसून चार शब्द बोलायला मोकळी झाली. लोक म्हणायला लागले, चौकोनताईंनी कमाल केली.

सुरुवातीला एकच डोकेदुखी होती. एखाद्या पेशंटच्या माहितीत काही चुकलेलं असलं, नंबरात आकडा कमी असला, की यंत्र तिथेच अडून बसायचं आणि त्याच्या मागचे सगळे खोळंबायचे. रुळावर एक डबा घसरला की मागची सगळी गाडी उभी, तसं. प्रोग्राममध्ये प्रत्येक चौकोनाच्या पोटात एक बारीकशी सोय होती: 'चूक आली तरी पुढे जा.' ताईने ती सगळीकडे चालू करून टाकली. त्या दिवसापासून काही अडेनासं झालं. सकाळी आल्यावर ती स्क्रीन उघडायची तर कालच्या प्रत्येक फेरीपुढे, म्हणजे यंत्राने पार पाडलेल्या प्रत्येक खेपेपुढे, हिरवी टिकली. ओळीने हिरव्या टिकल्या पाहून तिला शेत पाहिल्यासारखं समाधान वाटायचं.

घरी ती याबद्दल भरभरून बोलायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, जेवताना अर्धं लक्ष फोनकडे, कुठे कोण अडकलंय याकडे. मुलगी कॉलेजात, ती ऐकल्यासारखं करायची. मनापासून ऐकायच्या त्या सासूबाई. त्या तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि यंत्राच्या आवाजांशी त्यांचं जुनं वैर होतं. बँकेत फोन लावला आणि ध्वनिमुद्रित आवाज बोलायला लागला की त्या त्याच्याशी भांडायच्या. "अगं बाई, एक दाबा, दोन दाबा, हे मला कळलंय. तू आहेस का तिथे, ते सांग," असं म्हणायच्या आणि नात हसून लोळायची. सुनेच्या यंत्राबद्दल मात्र त्यांनी एकच विचारलं होतं: निरोप गेला नाही तर तुला कळतं का गं? ताई म्हणाली होती, आई, जातोच. रोज हिरवं असतं.

पावसाळ्यानंतर कारखाना झाडायला काढला, तेव्हा मिस्त्रींनी मांडणीवरचे तयार पाय एकेक करून खाली उतरवले. बहुतेक नवे होते, आठवड्याभरात जाणारे. सगळ्यात वरच्या फळीच्या कोपऱ्यात मात्र एक पाय असा निघाला की त्याच्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटली. गुडघ्याखालचा, हलका, बायकांच्या मापाचा. घोट्याला नंबराची चिठ्ठी बांधलेली. मिस्त्री तो हातात घेऊन पुढे आले आणि त्यांनी तो ताईच्या टेबलावर उभा केला.

"हा कोणाचा? पाय असून जागचा हललेला नाही."

ते चेष्टेत म्हणाले होते. ताईने नंबर टाकून पाहिलं. पायाच्या नंबरापुढे मिस्त्रींची 'तयार' अशी खूण होती, उन्हाळ्यातली. त्यापुढे निरोप गेल्याची नोंद नव्हती. तारीख ठरल्याची नव्हती. गाडीची नव्हती. तिने त्या दिवसाची फेरी उघडली. हिरवी टिकली. तिला वाटलं, काहीतरी गडबड आपल्या बघण्यात आहे. टिकलीच्या आत जाऊन तिने एकेक चौकोन उघडला, तेव्हा निरोपाच्या चौकोनाखाली करड्या, फिकट अक्षरांत एक शब्द सापडला: 'वगळले.'

कारण अगदी क्षुल्लक होतं. फोनच्या रकान्यात पेशंटने दोन नंबर लिहिले होते, मधे तिरपी रेघ देऊन. एक स्वतःचा, एक बहिणीचा. माणसाने वाचलं असतं तर म्हटलं असतं, बरं झालं, एक नाही लागला तर दुसरा आहे. यंत्राने दोन्ही मिळून एक लांबलचक नंबर मानला, असा नंबर नसतोच म्हणून चूक दिली, आणि ताईने शिकवून ठेवल्याप्रमाणे निमूटपणे पुढे गेलं.

पेशंटचं नाव वाचून तिला चेहरा आठवला. नाक्यावरच्या गल्लीत छोटं पार्लर चालवणाऱ्या बाई. गच्चीच्या कठड्याची भिंत अंगावर पडून पाय गेला होता. माप द्यायला आल्या तेव्हा हसतमुख होत्या. माझं काम उभ्यानं करायचं आहे, बसून कोणाचे केस कापता येत नाहीत, तेवढं लवकर बघा, असं म्हणाल्या होत्या. 'लवकर बघा' हे ताईनेच शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं. तेही तिथे तसंच होतं.

तिने लगेच फोन उचलला आणि खाली ठेवला. फोनवर काय सांगणार होती? मोठ्या बाईंना, म्हणजे केंद्राच्या प्रमुख डॉक्टरांना, आधी सांगायला हवं होतं. ती पाय हातात घेऊनच त्यांच्या खोलीत गेली. त्या रागावतील अशी तिची तयारी होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आणखी कोणी असे आहेत का ते विचारलं. ताईने येतानाच पाहिलं होतं: आणखी काही होते, पण पट्टे, बुटातल्या गाद्या, बदलायचे मोजे. पाय हा एकच.

"यंत्राला चूक कळली होती का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कळली होती."

"मग त्यानं कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाही," ताई म्हणाली. "सांगू नकोस म्हणून मीच बजावलं होतं त्याला."

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, आधी त्यांच्या घरी जाऊन या. यंत्राचं नंतर बघू.

ताई गेली. पार्लरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. दुकानदाराने बोट दाखवून बहिणीचं घर सांगितलं, मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. जिना चढताना ताईला प्रत्येक पायरी जाणवत होती. या बाई कुबड्या घेऊन हा जिना कसा उतरत असतील, आणि बहुतेक उतरतच नसतील, असं मनात येत होतं.

दार बहिणीने उघडलं. पार्लरच्या बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शिवण घेऊन. ताईला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, पाय तयार झाल्याचं सांगायला मुद्दाम माणूस आलं. ते पाहून ताईला बोलणं आणखी जड झालं. तिने बसून, काही न लपवता, सगळं सांगितलं. पाय उन्हाळ्यापासून तयार आहे. निरोप गेला नाही. का गेला नाही तेही सांगितलं.

बहीण आधी चिडली. उन्हाळ्यात पाय मिळता तर दुकान सोडलं नसतं, जागेचा मालक थांबायला तयार होता, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. पार्लरच्या बाईंनी तिला हातानेच थांबवलं. त्यांनी आपला फोन काढला, काहीतरी शोधलं आणि ताईसमोर धरला.

"मी विचारलं होतं, ताई. दोनदा. हे बघा, तुमचं उत्तर."

फोनवर त्यांचा निरोप होता: माझा पाय कधी मिळेल? आणि खाली केंद्राचं उत्तर: 'तुमची विचारणा आमच्यापर्यंत पोहोचली आहे. काळजी करू नका, तुमचं काम व्यवस्थित सुरू आहे.' त्यानंतर महिन्याभराने तोच प्रश्न, तेच उत्तर.

हे वाक्य ताईने स्वतः लिहिलं होतं. छापखान्यात वर्षानुवर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासलेली, त्यामुळे आपलं वाक्य तिने बरंच घासूनपुसून केलं होतं. पेशंटला धीर यावा, कोरडं वाटू नये, म्हणून 'काळजी करू नका' हे तिने मागाहून घातलं होतं. कोणीही काहीही विचारलं की यंत्र तेच पाठवायचं. आत काम सुरू आहे की बंद, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"मला वाटलं, एवढं गोड बोलतायत, तर सारखं विचारणं बरं दिसत नाही," पार्लरच्या बाई म्हणाल्या. "उत्तर आलंच नसतं ना, तर मी बहिणीला घेऊन तुमच्या दारात येऊन बसले असते."

ताईने माफी मागितली. बाईंनी मान हलवली, ती माफ केल्याची होती की नुसतं ऐकल्याची, हे तिला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून ती उठली.

दोन दिवसांनी केंद्राच्या गाडीने बाईंना आणलं. पाय घालून पाहिला तर तो सैल झाला होता. कापलेल्या पायाचा उरलेला भाग पहिल्या काही महिन्यांत आकसतो, त्याचा आकार बदलतो. उन्हाळ्याचं माप आता चालणार नव्हतं. सैलपणा भरून काढायला मिस्त्रींनी दोनदा मोजे चढवून पाहिले, मग मान हलवली. म्हणाले, वरचा भाग नव्याने घडवावा लागेल. बाईंनी मुकाट्याने पुन्हा साच्याच्या प्लास्टरसाठी पाय पुढे केला. ताई दारातून पाहत होती. स्वतःच्या हातचं एवढं चांगलं काम फळीवर शिळं झालेलं पाहून मिस्त्रीही त्या दिवशी चेष्टेचा एक शब्द बोलले नाहीत.

त्या रात्री जेवताना तिने घरात सगळं सांगितलं आणि हे सगळे चौकोन पुसून टाकते, पुन्हा फोन घेऊन बसते, म्हणाली. नवऱ्याने पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवला. तू हाताने करत होतीस तेव्हा कोणी सुटत नव्हतं का, असं त्याने विचारलं. तिने विचार केला. सुटत होते. एकदा तर चिठ्ठीच टेबलाखाली उडून गेली होती. फक्त तेव्हा सुटलेला माणूस फोन करायचा आणि समोरून माणसाचाच आवाज यायचा, तेवढा फरक. सासूबाई ताटातला घास हातात धरून म्हणाल्या:

"आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. लाइन लागत नसेल तर तसं सांगा. लागेल, लागेल म्हणत माणसाला कानाशी रिकामा फोन धरून बसवू नका."

ताईने चौकोन पुसले नाहीत. पण घाबरलेल्या माणसाने जे करावं तेच तिने केलं: दुसऱ्या टोकाला गेली. यंत्रात कुठेही काहीही खुट्ट झालं की निरोप जाईल अशी व्यवस्था केली, आणि तो एकट्या तिला नाही, सगळ्यांना. तिला, फिजिओला, मिस्त्रींना, गाडीच्या ड्रायव्हरला, मोठ्या बाईंनाही. आता काही लपणार नाही, असं तिने मनाशी म्हटलं.

लपलं नाहीच. इंटरनेट क्षणभर मंदावलं, फोन वाजला. पेशंटने तारखेच्या जागी 'बघतो' लिहिलं, फोन वाजला. मिस्त्रींचे हात प्लास्टरमध्ये आणि खिशात सारखं थरथरतंय. त्यांनी तिसऱ्या दिवशी फोन हत्यारांच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिला. फिजिओने आवाज बंद केला. तो हसरा मुलगा, कधी कोणाला दुखावून न बोलणारा. त्याने नंतर कबूल केलं की ताईंचे निरोप तो न वाचताच एका फटक्यात पुसायचा. निरोप लिहिलेलेही असे की वाचून कोणाला काही कळू नये, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं, यंत्राने जशी फेकली तशी.

आणि मग एका सकाळी एक आजोबा बसथांब्यावर गाडीची वाट पाहत बसून राहिले. गाडी सांगणारा चौकोन अडला होता. यंत्राने इमानदारीने पाच जणांना कळवलं होतं. पाचही फोनांत तो निरोप इतर ढिगाखाली पडून होता. आजोबा दुपारी रिक्षा करून स्वतःच आले, कोणावर रागावले नाहीत, पाणी मागून प्यायले. ताईला ते न रागावणंच जास्त लागलं.

त्या दिवशी तिला एक गोष्ट लख्ख कळली. आधी यंत्र मुकं होतं, आता ते सारखं ओरडत होतं, आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

तिने मोठ्या बाईंकडे एक दुपार मागून घेतली. यावेळी स्क्रीन बंद ठेवून ती माणसांकडे गेली. मिस्त्रींच्या बाकाशी बसून विचारलं, तुम्हाला काय कळायला हवं? मिस्त्री म्हणाले, मी तयार म्हटलेला पाय आठवड्यात गेला नाही, तर तेवढं सांगा, बाकी मला काही सांगू नका. फिजिओला फक्त त्याच्या तारखांशी मतलब होता. ड्रायव्हरला पत्ता चुकीचा असेल तर निघायच्या आधी कळायला हवा होता, पोचल्यावर नाही. प्रत्येकाचं मागणं थोडकं होतं. ते न विचारताच आपण सगळ्यांना सगळं देऊ पाहिलं, हे तिच्या लक्षात आलं.

मग ती पुन्हा चौकोनांशी बसली, आणि या खेपेला तिचं काम सावकाश चाललं. चूक आणि चूक सारखी नसते, इथून तिने सुरुवात केली. नेट मंदावलं असेल तर यंत्राने गुपचूप थोडं थांबायचं आणि पुन्हा करून पाहायचं, ते आपसूक सुधारण्यासारखं आहे, त्यासाठी माणसाला उठवायचं नाही. वारंवार करूनही जमलं नाही, तरच बोलायचं. नंबर चुकीचा असेल तर तो कितीही वेळा लावला तरी चुकीचाच. अशा वेळी तेवढा एक पेशंट बाजूला काढून ठेवायचा, मागच्यांना जाऊ द्यायचं, आणि बाजूला काढल्याचं लगेच एका माणसाला सांगायचं. एकालाच, कारण पाच जणांना सांगितलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पाहिलं असेल. तो माणूस म्हणजे ती स्वतः, आणि ती रजेवर असेल तेव्हा फिजिओ. त्याने 'पाहिलं' म्हणून खूण करेपर्यंत यंत्राने दुपारी पुन्हा विचारायचं, आणि संध्याकाळपर्यंत कोणी हललं नाही तर मोठ्या बाईंना कळवायचं. आणि पेशंटांची यादीच उघडत नसेल, तर मात्र सगळं जागच्या जागी थांबवायचं. अर्धवट माहितीवर धडाधड निरोप जाण्यापेक्षा ते बरं.

सूचनांचे शब्द तिने एकेक करून बदलले. यात तिची छापखान्यातली सवय कामी आली. आता आकड्यांऐवजी असं यायचं: 'अमुक पेशंटचा पाय तयार आहे. निरोप गेला नाही, कारण फोन नंबर वाचता आला नाही. माहिती उघडून नंबर पाहा आणि फोन करा.' आणि हिरव्या टिकलीचंही तिने बदललं. एकाला जरी बाजूला काढावं लागलं असेल, तरी त्या फेरीला हिरवं मिळणार नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पेशंटला जाणाऱ्या उत्तरावरून. ताईने लिहिलं: 'तुमचा निरोप मिळाला. तो अजून कोणी वाचलेला नाही. आज संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कोणीतरी वाचून तुम्हाला फोन करेल.' फिजिओला ते पटेना. अजून वाचलेला नाही, असं कोणी आपणहोऊन सांगतं का, केंद्राची काय शोभा राहील, असं त्याचं म्हणणं. मोठ्या बाईंनाही मधलं वाक्य जरा टोचलं. निकाल लागेना तेव्हा ताई तो कागद घेऊन चाचणीसाठी आलेल्या पार्लरच्या बाईंकडे गेली आणि वाचून कसं वाटतं ते विचारलं. बाईंनी दोनदा वाचलं.

"हे वाचून मी संध्याकाळची वाट पाहीन," त्या म्हणाल्या. "आणि फोन आला नाही, तर सकाळी येऊन तुम्हाला धरीन."

वाक्य राहिलं.

नवा पाय त्यांना नीट बसला. दोन बाजूंच्या दांड्यांना धरून त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा समोरच्या मोठ्या आरशात त्यांना सगळी खोली दिसत होती. फिजिओ म्हणत होता, वजन टाका, घाबरू नका. त्या स्वतःकडे बघतच नव्हत्या. आरशातून त्या मागे उभ्या असलेल्या ताईकडे निरखून पाहत होत्या.

"मागून कोणी कापलेत हो तुमचे केस? एक बाजू खाली आलीय."

मुलीने घरी कापले होते. खोलीतले सगळे हसले, ताई कानापर्यंत लाल झाली, आणि त्या हसण्याच्या भरात बाईंनी एक हात दांडीवरून सुटा केला.

त्यांचं दुकान मात्र परत आलं नाही. पुढे त्या बाजारपेठेतल्या दुसऱ्या एका पार्लरमध्ये कामाला लागल्या, दुसऱ्याच्या खुर्चीशी उभ्या राहून. त्या तिथे खूश आहेत असं बहीण सांगायची. ताईने त्यावर पूर्ण विश्वास कधी ठेवला नाही. काही गोष्टी दुरुस्त होतात आणि काही फक्त पुन्हा होऊ नयेत एवढंच आपल्या हातात असतं, हे ती तेव्हापासून कोणालाही न सांगता मनात बाळगून होती.

वर्षभराने मोठ्या हॉस्पिटलने तिला बोलावलं. तिथल्या बाकीच्या विभागांनाही अशीच व्यवस्था हवी होती. लांबलचक टेबल, भिंतीवर पडदा, खुर्च्यांवर डॉक्टर आणि कचेरीतली मंडळी. तिच्या आधी एका कंपनीच्या माणसाने आपली व्यवस्था चालवून दाखवली होती. सगळं लोण्यासारखं झालं होतं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. ताईची पाळी आली. तिने एक खोटा पेशंट बनवला, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या फोनच्या रकान्यात मुद्दाम दोन नंबर, मधे तिरपी रेघ देऊन, लिहिले.

कोणीतरी मागून म्हणालं, बाई, नंबर चुकलाय. ती म्हणाली, हो, मला तेच दाखवायचंय.

तिने फेरी सुरू केली. पडद्यावर हिरवं आलं नाही. तिच्या फोनवर निरोप आला, तो तिने वाचून दाखवला: कोण, काय अडलं, आता काय करायचं. दाखवण्यापुरती दुपार आणि संध्याकाळ तिने मिनिटांवर आणून ठेवली होती; तिने मुद्दाम काहीच केलं नाही, तेव्हा थोड्या वेळाने तोच निरोप तिला पुन्हा आला आणि मग मोठ्या बाईंच्या फोनवर गेला. सगळं दाखवून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. कचेरीतल्या एका साहेबांनी कपाळाला आठी घालून विचारलं, असं खरोखर कितीदा होतं?

"जवळजवळ रोज," ताई म्हणाली. "माणसं कधी नंबर बदलतात, कधी घर. कधी लिहिताना चुकतात. कधी मीच चुकते. आधीही रोजच होत होतं. तेव्हा मला कळत नव्हतं."

साहेबांनी आपले कागद आवरायला घेतले. एक वयस्क डॉक्टर मात्र खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, ते पेशंटला बाजूला काढण्याचं पुन्हा एकदा दाखवा, मघाशी माझं लक्ष नव्हतं. तिने पुन्हा दाखवलं. काम तिला मिळालं की कंपनीला, हे त्या दिवशी ठरलं नाही. नंतर दोन विभागांनी तिची पद्धत घेतली, बाकीच्यांनी कंपनीची. तिने त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही.

बाहेर पडताना जिन्यात, तिच्यासोबत आलेला फिजिओ तिला, तुम्ही जरा चांगलं चाललेलंही दाखवायला हवं होतं, असं समजावत होता, तेवढ्यात तिचा फोन थरथरला. खरोखरचा निरोप होता. एका पेशंटचा पट्टा तयार होता, नंबर लागत नव्हता, माहितीत आणखी एक जुना नंबर होता. ताईने हातानेच फिजिओला थांबवलं, जिन्याच्या कठड्याला टेकली आणि तो नंबर लावला. पलीकडून एका अनोळखी माणसाचा दबलेला आवाज आला. त्या नावाचं इथे कोणी राहत नाही, तो म्हणाला, आणि मग थांबून, कोण बोलतंय ते विचारलं.

"मी पायांच्या केंद्रातून बोलतेय," ताई म्हणाली. "त्यांची एक वस्तू आमच्याकडे तयार आहे. त्यांना कसं गाठता येईल, काही सांगता का?"

पलीकडून, मागे कोणाला तरी काही विचारल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा जरा," तो माणूस म्हणाला. "खालच्या मजल्यावर त्यांचा पुतण्या असतो. मी बोलावून आणतो, फोन ठेवू नका."

ताईने फोन ठेवला नाही. फिजिओ दोन पायऱ्या खाली उतरून तिच्यासाठी थांबला, आणि ती फोन कानाशी धरून पलीकडची, जिना उतरत जाणारी पावलं ऐकत राहिली.